एकही दिवा विझलेला नको

तिसऱ्या बाकाच्या कडेची जागा रिकामी होती. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या हातात सेलचा डबा होता आणि तोंडावर, दरवेळी असतं तसं, अर्धवट हसू. "खारूताई कुठंय गं आज?" तिने शेजारच्या मुलीला सहज विचारलं. वायरीचे तुकडे, स्क्रू, रबरं, जे मिळेल ते फ्रॉकच्या खिशात साठवणाऱ्या त्या मुलीला सगळा वर्ग खारूताईच म्हणायचा. "ती नाही येणार, ताई. तिचा हात भाजलाय. इस्त्रीची वायर तुटली होती ना घरी, ती जोडत होती." एवढं सांगून ती मुलगी आपली पट्टी नीट ठेवायला लागली, आणि मग काहीतरी राहिल्यासारखं म्हणाली, "आपण इथे जोडली होती ना, तश्शीच."

तश्शीच. तिने सेल वाटले. एक इकडे, एक तिकडे, धक्काबुक्की करायची नाही, सगळ्यांना मिळणार आहेत. आपला आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता, आणि तो बराच आनंदी होता. आज मुली कागदाच्या पंख्याला छोटी मोटर बसवणार होत्या. मागच्या शनिवारी दिवे केले होते, पुठ्ठ्याच्या घरात बसवलेले. प्रत्येकीला एक दिवा, दोन सेल, आणि मधोमध मुद्दाम कापून ठेवलेल्या दोन वायरी. वायरी सोलायच्या, तांब्याला तांबं पिळायचं, वर काळी टेप गुंडाळायची. तुटलेलं कसं जोडायचं, एवढंच त्या दिवशी शिकवायचं होतं. सोपं होतं. ती आणि तिच्यासारख्या चारपाच जणी, सगळ्या शिकलेल्या, बहुतेक नोकरी सोडलेल्या, शनिवारी सकाळी या मुलींच्या शाळेत येत आणि विज्ञान, यंत्रं, हत्यारं यांची त्यांना ओळख करून देत. पैसे कुणी घेत नव्हतं. मुलींनी हत्याराला भिऊ नये, पुढे त्या वाटेला जावंसं वाटलं तर जावं, एवढीच इच्छा. ती इच्छा खरी होती. ते तिने आता, सेल वाटतावाटता, स्वतःला दोनदा बजावलं, आणि दुसऱ्यांदा बजावताना तिला कळलं की खऱ्या गोष्टी अशा बजावाव्या लागत नाहीत.

कारण खारूताईचा दिवा लागलाच नव्हता. आता ते सगळं तिच्यासमोर लख्ख आलं, त्या बाकावरच्या शाईच्या डागासकट. मुलीने दोन्ही गाठी अगदी शेजारीशेजारी मारल्या होत्या, उघड्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि दोन्हींवर मिळून एकच टेप गुंडाळली होती, बाळाला दुपट्यात गुंडाळावं इतक्या प्रेमाने. आत तांबं तांब्याला टेकलेलं, वीज तिथूनच परत फिरणार. दिवा कसला लागतोय! मुलगी भुवया आखडून त्या दिव्याकडे बघत होती. रडवेली अजिबात नव्हती. उलट, कुणीतरी कोडं घातलं आहे आणि आपण ते सोडवणारच, असं तिचं तोंड झालं होतं. आणि नेमकी तेव्हाच दारातून हाक आली, चला चला, फोटो काढायचाय, दिवे वर धरा! मुलीने मान वळवली. तेवढ्यात "बघू गं" म्हणून हिने तो दिवा उचलला, टेप सोडवली, गाठी उलगडल्या, एक वर सरकवली, एक खाली, दोन्हींवर वेगवेगळी टेप, आणि वरून मुलीचीच मूळची टेप गुंडाळून टाकली, कुणाला कळू नये म्हणून. अर्ध्या मिनिटाचं काम. हाताला अजून सवय होती. सेल बसवले, दिवा लागला. "लागला!" मुलगी ओरडली. "शाबास," ही म्हणाली. "बघ, जमलं की नाही?"

याला त्यांच्यात फुंकर म्हणत. तिसऱ्या बाकाला जरा फुंकर घाल गं, असं एकमेकींना हळूच सांगत. हा शब्द मोठ्या बाईंचा. मोठ्या बाई म्हणजे ज्यांनी हा सगळा उद्योग सुरू केला त्या. जन्मभर कारखान्यात काढून निवृत्त झालेल्या, आखूड केसांच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा नियम एकच. एकही दिवा विझलेला घरी जाता कामा नये. "या पोरींना आयुष्यभर नाही जमत, नाही जमत हेच ऐकायचंय," त्या म्हणत. "आपल्याकडे तासभर असतात. तेवढ्यात जमलं पाहिजे. कसं जमलं ते मग बघू." आणि सगळ्यांना ते पटलं होतं. तिला तर फारच. तिच्या फुंकरीसारखी फुंकर कुणाचीच नाही, असं मोठ्या बाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, तेव्हा किती दिवसांनी तिला आपण काहीतरी आहोत असं वाटलं होतं.

घरच्या प्लगला हात लावायचा नाही, हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. रुमाल आणा, दंगा करू नका, घरच्या प्लगला हात लावू नका. एका दमात. ऐकणारीने ऐकावं म्हणून सांगायचं एक असतं आणि आपण सांगितलं होतं म्हणून सांगायचं एक असतं. हे दुसरं होतं. आणि ऐकलं असतं तरी काय? ज्या मुलीचा दिवा सगळ्या वर्गासमोर लागला, तिने तुटलेली वायर समोर दिसत असताना हात बांधून बसायचं? कशासाठी? तिला जमत होतं ना!

स्वतःच्या घरात तिने सगळ्या सॉकेटांना प्लास्टिकची झाकणं लावली होती. मुलगी रांगायला लागली त्याच आठवड्यात. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम, कपाटांना कड्या, बाथरूमच्या दाराला वरून खिट्टी. नवरा म्हणाला होता, "हे घर आहे का पार्सल?" सासूबाई नुसत्या हसल्या होत्या, आणि त्या हसण्यात, आमची पोरं काय मेली का, हे सगळं होतं. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. तिला वाटायची ती भीती निराळीच होती, बिनचेहऱ्याची, दुपारच्या शांततेत येणारी. मुलगी आत झोपलेली असताना ती अचानक उठून तिच्या नाकाखाली बोट धरायची. मुलगी आता ठोकळ्यांचे मनोरे रचते. चौथा ठोकळा कलायला लागला की हिचं बोट आपोआप पुढे जातं, मागच्या बाजूने, दिसणार नाही असं, आणि टेकू देतं. मुलगी टाळ्या वाजवते, "मी केला!" हिला आज सकाळपर्यंत त्याचंही काही वाटलं नव्हतं.

मोटरींचे पंखे फिरायला लागले होते. चौथ्या बाकावर एकीचा फिरत नव्हता. ती मुलगी मान वर करून हिच्याकडे बघत होती, आता ताई येईल आणि बघू गं म्हणेल या खात्रीने. ही जागची हलली नाही. मग दुसरीच कुणी ताई गेली, वाकली, आणि पंखा फिरला. "अगं बाई, केलंस की!" टाळ्या झाल्या. तिला त्या टाळ्या ओळखीच्या वाटल्या, फार जुन्या. कॉलेजच्या कार्यशाळेत लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा असे. वर्गात चारच मुली. कार्यशाळेचे सर भला माणूस, बापाच्या वयाचे. "द्या इकडे, ताईसाहेब, तुमच्या हाताला घट्टे पडतील," असं म्हणत आणि तिचा तुकडा स्वतः घासून देत. पैकीच्या पैकी गुण. मुलं मागून म्हणायची, "सरांना आमच्याही हाताची काळजी वाटू दे की!" आणि सगळे हसायचे, तीही. चांगलंच वाटायचं तेव्हा, कशाला खोटं बोला. पुढे नोकरी लागली, विजेचे मोठे पॅनल बनवणाऱ्या कंपनीत. एकदा तिने जोडणी केलेला पॅनल चाचणीत चालूच होईना. ती खाली बसून एकेक वायर तपासत होती, घाम गळत होता, आणि खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. उत्तर जवळ आलं होतं. पोटात कळत होतं. तेवढ्यात वरिष्ठ आले. "तुम्ही जा घरी. उशीर होईल. आम्ही बघतो." सकाळी येऊन बघते तर पॅनल चालू. काय चुकलं होतं, सर? तिने विचारलं होतं. ते चहाचा कप हातात घेऊन, अगदी मायेने म्हणाले होते, "काही नाही हो. होतं असं कधीकधी."

होतं असं कधीकधी. त्या दिवसापासून ती प्रत्येक वायर तीनतीनदा तपासायची. चूक आपल्या हातात कुठेतरी आहे, पण नेमकी कुठे ते माहीत नाही, अशा हातांनी माणूस काय काम करणार? मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. मुलीसाठी सोडली, असं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना ते पटलं. कुणी असं विचारलं नाही की सुटल्यासारखं वाटलं का. वाटलं होतं.

वर्ग सुटल्यावर हत्यारं पेटीत भरतानाच तिने मोठ्या बाईंना गाठलं. "त्या मुलीचा हात भाजला, कळलं का तुम्हाला?"

"कळलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या. फ्यूज उडाला म्हणून निभावलं." मोठ्या बाई पकडी मोजत होत्या. "वाईट झालं. पण तू असा चेहरा करू नकोस."

"मी तिची गाठ बदलली होती, बाई. मागच्या वेळी. तिने दोन्ही एकत्र गुंडाळल्या होत्या. घरीही तेच केलं असणार."

पकडी मोजणं थांबलं. "कुणी बघितलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते कळतं तुला. हे बघ, ही शाळा मिळायला मला दोन वर्षं उंबरे झिजवावे लागले. उद्या एखाद्या बापाने येऊन आरडाओरडा केला की वर्ग बंद. मग या बाकीच्या पोरींनी काय करायचं? भाकऱ्या?" मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खाली आला की जास्त भीती वाटायची. "तुला काय वाटतं, मला कुणी फुंकर घातली नाही? सगळ्यांनाच घालतात. त्याच्यावरच उभ्या आहोत आपण. जा, भेटून ये. फळं ने. पुराण सांगत बसू नकोस."

तिने फळं घेतली. रस्त्यात नवऱ्याचा फोन आला, मुलगी जेवली, झोपत नाहीये, कधी येतेस? तिने सांगितलं, एका मुलीला बघून येते. "बरं," तो म्हणाला. आणि मग, "तुझा आवाज असा का येतोय?" "गाड्यांचा आवाज आहे," ती म्हणाली. रस्ता तसा रिकामाच होता. काय सांगायचं ते तिने चालताचालता पाठ केलं. चूक तुमच्या मुलीची नाही. तिची गाठ चुकली होती, आणि ती चुकली हे मी तिला कळू दिलं नाही. दोनच वाक्यं. ती तिने इतक्यांदा म्हटली की शेवटी ती एखाद्या परक्या बाईने आपल्याला सांगितल्यासारखी वाटायला लागली, आणि जिना चढताना तिला त्या बाईचा राग आला.

दार मुलीच्या आईने उघडलं. खोली एकच, पण टापटीप. खिडकीशी शिवणाचं यंत्र, दोरीला अर्धवट शिवलेले झगे, आणि कोपऱ्यात ती इस्त्री, काळवंडलेल्या वायरीसकट, खोडी केलेल्या पोरासारखी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. "या ना, ताई. तुम्हीच का त्या दिव्यांच्या ताई? हिच्या तोंडी सारखं तुमचंच नाव." आईच्या बोलण्यात राग शोधला तर सापडत नव्हता, आणि त्यामुळे तिला जास्तच अवघडल्यासारखं झालं. खाटेवर मुलगी बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत. खाटेच्या कडेला एक माणूस पेपर वाचत होता. "हा माझा भाऊ. हिचा मामा."

"नमस्कार," मामा पेपरमागून म्हणाला. "तुमची शिष्या बघा. मला सांगितलं असतं तर पाच मिनिटांत नवी वायर बसवून दिली असती. पण नाही! बाईसाहेब इंजिनीअर!" तो हसला. तसा तो वाईट माणूस नव्हता. भाचीला उशी सरकवून देतानाचा त्याचा हात हळुवार होता. "आता कसं आहे, की हिला पुढच्या वर्षी तंत्रशाळेत जायचंय. घरात सहा महिने तीच रड. मी म्हणतो, शिवणाच्या वर्गाला घाला. सुई टोचली तर थेंबभर रक्त येतं, घर जळत नाही."

"तू थांब रे जरा," आई म्हणाली. तिने हाताने पदर गोळा केला, सोडला, आणि मग हिच्याकडे वळली. "ताई, मला यातलं काही कळत नाही. मी शिकलेली नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. हिच्या हातात आहे का हो हे? का नाही? तुम्ही सांगाल तसं करू आम्ही. तंत्रशाळा म्हणालात तर तंत्रशाळा. मी याचं ऐकणार नाही."

इतकं सोपं करून ठेवलं होतं त्या आईने. ताटात वाढून ठेवावं तसं. दोन वाक्यं. ती जिभेवर आली, हिला त्यांची चव कळली, टेपला दात लावला की येते तशी, रबराची. "हुशार आहे ती," ही म्हणाली. "खूप हुशार आहे." मामाने पेपर खाली घेतला होता. त्याच्या नजरेत काही नव्हतं, नुसती वाट बघणं होतं. पण हिला त्यामागे उद्या शाळेच्या फाटकाशी उभा असलेला तोच माणूस दिसला, आणि त्याच्या आजूबाजूला इतर बाप, मामा, आणि मोठ्या बाईंचा चेहरा, आणि आपला नवरा, ऐकून घेऊन गप्प बसलेला. तीनतीनदा तपासलेल्या सगळ्या वायरी. म्हणतील, बघा, मुलीची आई आहे, स्वतःच्या घरात झाकणं लावते, आणि लोकांच्या पोरींना... "म्हणजे... हुशार आहेच. वय लहान आहे, एवढंच."

"ताई," मुलगी म्हणाली. ही आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. डाव्या हाताने तिने उशीमागून पुठ्ठ्याचं घर काढलं. आत दिवा लागलेला होता, उन्हात फिकट. "मी हा उघडून बघितला. डाव्या हाताने वेळ लागला. आत माझ्या गाठी नाहीयेत."

हिने दिवा हातात घेतला नाही.

"मी दोन्ही शेजारीशेजारी मारल्या होत्या. मला आठवतंय. इस्त्रीलापण तशाच मारल्या. पण यात एक वर आहे आणि एक खाली. आणि टेप वेगवेगळी आहे." मुलीच्या भुवया आखडल्या होत्या, अगदी त्या दिवशीसारख्या. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. ती खरोखरच विचारत होती. पट्टीतल्या हाताची आग सोसत, पडल्यापडल्या तिने एवढाच विचार केला होता, आणि आता उत्तर जवळ आलं होतं, तिला ते कळत होतं. "शेजारी मारलेल्या वर-खाली कशा झाल्या, ताई?"

आई बघत होती. मामा बघत होता. शिवणाच्या यंत्राच्या चाकावर ऊन पडलं होतं.

"होतं असं कधीकधी," ही म्हणाली.

आवाज छान निघाला. मायेचा. मुलीने ते ऐकलं, आणि ती ते पडताळून बघतेय हे तिच्या डोळ्यांत दिसलं, क्षणभर, जणू तारांमध्ये खरंच असं काही असतं का, त्या आपोआप सरकतात का, हे ती डोक्यात मांडून बघत होती, कारण सांगणारी ताई होती. मग तिच्या भुवया सैल झाल्या. कोडं सुटल्यावर होतात तशा नाही. "हं," ती म्हणाली.

"झालं!" मामाने पेपर झटकला. "म्हणजे त्यांनापण कळत नाही कधीकधी काय होतं ते. आणि तू चाललीस तंत्रशाळेत!" आईने फळांची पिशवी उचलली, आत नेऊन ठेवली, आणि परत येऊन इस्त्री आणखी कोपऱ्यात सरकवली, पायानेच.

ही उठली तेव्हा मुलीने पुठ्ठ्याचं घर पुढे केलं. "हा घेऊन जा, ताई."

"अगं, तुझा आहे तो."

"नाही," मुलगी म्हणाली. "तुमचा आहे."

जिना उतरताना दिवा तिच्या हातात होता. रस्त्यावर दुपार होती, लख्ख, कुणाला दिव्याचं काम नव्हतं. एक बाई पोराला ओढत नेत होती, त्या पोराने वळून बघितलं. ती एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली. या दिव्याला बटण नव्हतं. सेल काढले की तो विझला असता. तिने सेलना हात लावला नाही. तिने टेप बाजूला सारून गाठीला नख लावलं, आधी वरच्या, मग खालच्या, आणि पिळलेलं तांबं उलटं फिरवायचा प्रयत्न केला. नखाखाली टोचलं. पुन्हा केला. गाठ पक्की होती, कुठे सैल नाही, कुठे तार सुटलेली नाही, कार्यशाळेच्या सरांनीसुद्धा मान हलवली असती अशी. तिच्या आयुष्यातली बहुतेक सगळ्यात चांगली जोडणी. फोन वाजत होता, घरी मुलगी झोपत नसणार. तिने जोर लावला. सुटेना.